कुंपणाचे खांब आणि ट्रॅक्टरची ताकद : भोर-वेल्ह्यात कोणते यंत्र उपयोगी?

शेतीला कुंपण घालणे ही आता हौस राहिलेली नाही. भोर आणि वेल्हे या पुणे जिल्ह्यातील दोन डोंगरी तालुक्यांत रानडुकरांनी उभे भातपीक एका रात्रीत लोळविल्याच्या तक्रारी गावोगाव ऐकू येतात. पुण्याहून येऊन जमिनी घेणाऱ्यांची संख्याही वाढली आहे, आणि जमीन हातात आली की पहिले काम कुंपणाचेच निघते. म्हणजे एकीकडे शेतकऱ्याची गरज आणि दुसरीकडे नव्या जमीनमालकांची मागणी, अशा दोन्ही बाजूंनी या कामाला बाजार आहे. (वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली मंजुरी दिली; बोलण्यात मात्र वेल्हेच रूढ असल्याने येथे तोच शब्द वापरला आहे.)

ज्यांच्या घरी ट्रॅक्टर आहे, ज्यांचे गॅरेज किंवा वेल्डिंगचे दुकान आहे, अशा अनेक तरुणांच्या मनात प्रश्न येतो की ट्रॅक्टरवर चालणारे खांब रोवण्याचे यंत्र घेऊन हा धंदा करावा काय? प्रश्न योग्य आहे. पण यंत्र घेण्याची घाई करू नये. या भागातील जमीन दर मैलाला बदलते. एका शिवारात दिवसाला शेकडा खड्डे पाडणारे यंत्र पलीकडच्या शिवारात पहिल्याच खड्ड्यात अडकून बसते. कर्ज काढून घेतलेले यंत्र अंगणात उभे राहिले तर हप्ते मात्र उभे राहत नाहीत. म्हणून कोणते यंत्र कशासाठी आहे, त्याची मर्यादा काय आणि आपल्या जमिनीला कोणते मानवते, याचा क्रमाने विचार करू.

आधी खांब पाहा, मग यंत्र

ट्रॅक्टरच्या ताकदीवर खांब रोवण्याच्या दोन मुख्य पद्धती जगात चालतात. पहिली पद्धत खांब ठोकण्याची. यात ट्रॅक्टरच्या मागे उभा सांगाडा असतो. हायड्रॉलिकच्या जोरावर एक जड वजन वर उचलले जाते आणि ते खांबाच्या डोक्यावर पडते. खड्डा खणावा लागत नाही, काँक्रीट लागत नाही आणि माती खांबाभोवती दाबली गेल्याने खांब घट्ट बसतो. न्यूझीलंड, इंग्लंड, अमेरिका या देशांत मोठ्या कुरणांची कुंपणे या पद्धतीने होतात. दुसरी पद्धत खड्डा पाडण्याची. सुताराच्या गिरमिटासारखे मोठे मळसूत्र जमिनीत फिरते, माती वर काढते, आणि त्या खड्ड्यात खांब उभा करून भराव किंवा काँक्रीट घातले जाते.

परदेशी माहितीपत्रके पाहून काहीजणांना पहिली पद्धत आकर्षक वाटते. पण तेथील खांब लाकडाचे असतात आणि लाकूड घणाचा मार सोसते. आपल्याकडे चालतो तो सिमेंटचा खांब. त्याच्या डोक्यावर घण पडला की तो तडकतो. आतली सळई दिसू लागते, तिला पावसाळ्यात गंज चढतो आणि खांब कायमचा निकामी होतो. लोखंडी अँगल किंवा पाइप ठोकता येतात, परंतु मऊ जमिनीत ते हातघणानेही बसतात. आणि कातळ लागला तर यंत्राच्या घणानेही ते वाकतात. तात्पर्य, जोवर या भागात सिमेंटच्या खांबांचा वापर आहे तोवर खांब ठोकण्याच्या महागड्या यंत्रात पैसा घालण्यात अर्थ नाही. आपल्या कामाचे यंत्र खड्डा पाडणारेच.

जमिनीचे चार प्रकार

भोर-वेल्ह्याची जमीन ही दख्खनच्या काळ्या पाषाणावर बसलेली आहे. पाषाण किती खोलीवर आहे एवढाच काय तो फरक. पण सर्व हिशेब त्या फरकावरच ठरतो.

१) खोल माती : नसरापूर, कापूरहोळ, किकवी या महामार्गाच्या पट्ट्यात आणि नीरा व गुंजवणी नद्यांच्या काठी माती त्यामानाने खोल आहे. येथे ट्रॅक्टरचे गिरमिट उत्तम चालते.

२) भातखाचरे : गुंजण मावळ, वेळवंड खोरे, हिर्डस मावळ व कानद खोऱ्यातील खाचरांत वर माती, खाली चिकण आणि त्याखाली मुरूम असतो. गिरमिट चालते, पण खाचरात ट्रॅक्टर उतरविणे हीच अडचण. बांध फुटला तर मालकाचे नुकसान आणि आपले नाव खराब.

३) मुरूम : माळावर आणि उतारावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो. मुरूम मऊ असेल तर गिरमिट जाते, उन्हाळ्यात वाळून कडक झाला की वरच्यावर फिरत राहते.

४) कातळ आणि गोटे : पानशेत, केळद, पासली, वरंध घाट या पश्चिमेच्या बाजूला आणि गडांच्या पायथ्याला उघडा कातळ किंवा मातीत लपलेले मोठे गोटे सर्रास सापडतात. येथे गिरमिटाचे काम नाही.

एकाच सर्व्हे नंबरात यांपैकी दोन-तीन प्रकार आढळणे ही या तालुक्यांतील रोजची गोष्ट आहे. म्हणून काम घेण्यापूर्वी हद्दीवरून पहार घेऊन चालत जावे. दर पन्नास-साठ फुटांवर पहार मारून पाहावी. पहार दोन फूट सहज गेली तर ती जागा गिरमिटाची. वीतभर जाऊन खणकन वाजली तर ती जागा दुसऱ्या यंत्राची. हे अर्ध्या दिवसाचे काम पुढचे आठ दिवस वाचविते.

ट्रॅक्टरचे गिरमिट कसे चालते?

या यंत्राला बाजारात पोस्ट होल डिगर म्हणतात, खेड्यात 'खड्डे पाडायची मशीन'. ते ट्रॅक्टरच्या मागच्या तीन-पॉइंट लिंकेजला जोडतात. ट्रॅक्टरचा पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो. ती गती पीटीओ शाफ्टमार्फत गिअर बॉक्सला मिळते. गिअर बॉक्स गती कमी करतो, फिरण्याचा जोर वाढवितो आणि दिशा आडवीची उभी करतो. खाली टांगलेले मळसूत्र फिरू लागते. त्याच्या टोकाला जागा धरून ठेवणारे अणकुचीदार टोक आणि माती कापणारी पाती असतात.

एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. आपल्याकडील शेतीच्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट अवजार फक्त वर उचलते, खाली दाबत नाही. खाली जाताना अवजार केवळ स्वतःच्या वजनाने जाते. म्हणून कडक मुरमात इंजिन कितीही मोठे असले तरी गिरमिट आत शिरत नाही. अशा वेळी ट्रॅक्टरवाले एखाद्या मजुरास यंत्राच्या दांड्यावर उभे करतात. हा प्रकार जीवघेणा आहे. पाय घसरला तर माणूस थेट फिरत्या मळसूत्रावर पडतो. असे कधीही करू नये आणि करू देऊ नये.

कडक मुरमावर उपाय वेगळे आहेत. पाती धार लावलेली असावीत. माती कापण्याची साधी पाती काढून कठीण धातूचे दात बसविता येतील असे यंत्र घ्यावे. खड्ड्याच्या जागी आदल्या संध्याकाळी खळगा करून पाणी मुरवावे. आधी लहान म्हणजे ६ इंची गिरमिटाने वाट करून मग ९ इंची फिरवावे. एवढ्यानेही जात नसेल तर तो मुरूम नसून खडक आहे असे समजावे.

यंत्र पाहताना पुढील गोष्टी तपासाव्यात :

- शिअर बोल्ट किंवा स्लिप क्लच : गोटा लागून गिरमिट अडकले की हा बोल्ट तुटतो आणि गिअर बॉक्स वाचतो. हा बोल्ट मुद्दाम कमी ताकदीचा असतो. सारखा तुटतो म्हणून त्या जागी कडक पोलादाचा बोल्ट घालणारे पुढे गिअर बॉक्सचे दात बदलत बसतात. कंपनीने सांगितलेलाच बोल्ट घालावा आणि खिशात दहा-वीस ठेवावेत. बोल्टचे टोक बाहेर लांब राहू नये, त्यात कपडा अडकतो.

- पीटीओ शाफ्टची लांबी : सर्व ट्रॅक्टरना एकच शाफ्ट बसत नाही. यंत्र पूर्ण वर उचलल्यावर आणि पूर्ण खाली सोडल्यावर शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींत पुरेशा राहतात काय आणि आतून टेकत तर नाहीत ना, हे हाताने उचलून-सोडून पाहावे. लांब शाफ्ट टेकला तर गिअर बॉक्सचे बेअरिंग फुटते.

- संरक्षक आवरण : शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे आवरण अडचण म्हणून काढून टाकू नये.

- सुटे भाग : पाती, टोक, बेअरिंग व ऑइल सील पुण्यात किंवा शिरवळला मिळतात काय, याची खात्री खरेदीपूर्वी करावी. हंगामात एका ऑइल सीलसाठी आठवडा गेला तर त्या महिन्याची कमाई गेली.

- रिव्हर्स पीटीओ : ट्रॅक्टर नवीन घ्यायचाच असेल तर पीटीओ उलटा फिरविण्याची सोय असलेला पाहावा. चिकणमातीत गिरमिट स्क्रूसारखे रुतून बसते, लिफ्टनेही उचलत नाही. उलटे फिरविले की सुटते. ही सोय नसेल तर इंजिन बंद करून मोठ्या पान्याने हाताने उलटे फिरवावे लागते. रुतणे टाळण्याचा साधा नियम असा की एका दमात दोन फूट जाऊ नये. सहा-आठ इंच गेले की वर उचलून माती झाडावी आणि पुन्हा सोडावे.

ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा? साधारणतः ६ ते ९ इंची गिरमिटास २५ ते ३० हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर पुरतो, १२ इंचीस ३५ च्या पुढचा आणि १८ ते २४ इंचीस ४५ च्या आसपासचा लागतो. यंत्राच्या पुस्तिकेत दिलेला आकडा हाच अखेरचा समजावा. कमी ताकदीच्या ट्रॅक्टरला मोठे गिरमिट लावले की इंजिन दबते, मोठ्या ट्रॅक्टरला हलके यंत्र लावले की गिअर बॉक्स जातो.

गिरमिटाचा व्यास : येथे पैसा वाचतो

मोठा खड्डा म्हणजे मजबूत खांब, असा समज आहे. तो चुकीचा आहे. खांबाची मजबुती मुख्यतः खोलीवर अवलंबून असते. खड्डा रुंद केला की काँक्रीट मात्र झपाट्याने वाढते, कारण व्यास दुप्पट केला की खड्डा चौपट होतो.

४ इंच चौकोनी सिमेंटचा खांब दोन फूट खोल रोवायचा आहे असे धरू. खांबाने व्यापलेली जागा वजा केल्यावर ९ इंची खड्ड्यास सुमारे ०.६६ घनफूट, १२ इंची खड्ड्यास सुमारे १.३५ घनफूट आणि १८ इंची खड्ड्यास सुमारे ३.३ घनफूट तयार काँक्रीट लागते. शंभर खांबांचा हिशेब केला तर ९ इंचीत साधारण पाऊण ब्रासहून कमी, १२ इंचीत सव्वा ब्रासहून जास्त आणि १८ इंचीत सव्वातीन ब्रासहून जास्त काँक्रीट होते. टिकाव-फावड्याने खणलेला खड्डा वर दीड-दोन फूट रुंद होतोच, कारण माणसाला वाकून माती काढायला जागा लागते. यंत्राचा खरा फायदा केवळ वेगात नाही, तर अरुंद आणि सरळ खड्ड्यात आहे. गिऱ्हाइकाला हा हिशेब कागदावर दाखवावा. यंत्राचे भाडे सिमेंट-खडीच्या बचतीतून निघते हे त्याला पटते.

म्हणून मधल्या खांबांना ९ इंची आणि कोपऱ्याच्या व फाटकाच्या खांबांना १२ इंची, अशी दोन गिरमिटे असली की कुंपणाचे बहुतेक काम होते. १८ किंवा २४ इंची गिरमिट हे झाडे लावण्यासाठी. ते नंतर घेता येते.

खोलीचा नियम असा धरावा की खांबाच्या लांबीचा चौथा ते तिसरा हिस्सा जमिनीत असावा. सात फुटी खांब दोन फूट तरी आत हवा. खाचराच्या कडेला, जिथे चार महिने माती पाण्याने सैल असते, तिथे अडीच फूट करावा. तारेचा सर्व ताण कोपऱ्याच्या खांबावर येतो. तो तीन फूट खोल रोवून दोन्ही बाजूंनी टेकू द्यावेत. सरळ रेषेतही दर दहा-पंधरा खांबांनंतर टेकू लागतो. काँक्रीट घातल्यावर किमान सात दिवस पाणी मारून मगच तार ताणावी. गिऱ्हाईक घाई करते म्हणून दुसऱ्याच दिवशी तार ओढली की कोपरा कलतो, आणि कललेला कोपरा येणारा-जाणारा प्रत्येकजण पाहतो.

कातळावर ट्रॅक्टर कॉम्प्रेसर

गिरमिट जेथे थांबते तेथे महाराष्ट्रातील एक जुने, ओळखीचे यंत्र उपयोगी पडते. ते म्हणजे विहिरींच्या कामावर चालणारा ट्रॅक्टर कॉम्प्रेसर. ट्रॅक्टरच्या इंजिनावर हवेचा कॉम्प्रेसर चालतो, आणि लांब रबरी नळीने हवा पुरवून हातातील जॅकहॅमर म्हणजे ब्रेकर किंवा ड्रिल चालवितात.

डोंगरी भागात या यंत्राचा मोठा गुण असा की ट्रॅक्टर रस्त्यावर उभा राहतो आणि नळी घेऊन माणूस वर चढतो. जेथे चाक जाऊ शकत नाही तेथे हवा जाते. खाचराचे बांधही मोडत नाहीत.

कातळात खड्डा फोडण्याचीही दर वेळी गरज नसते. सलग, न तडकलेला कातळ असेल तर ड्रिलने दीड ते दोन इंच व्यासाचे, एक ते दीड फूट खोल भोक पाडावे, भोक हवेने स्वच्छ करावे, त्यात जाड सळई किंवा पाइप सिमेंटच्या घट्ट मिश्रणाने बसवावा आणि त्याला लोखंडी खांब जोडावा. असा खांब मातीतल्या खांबापेक्षाही पक्का होतो. गोटे आणि माती मिसळलेली असेल तेथे ब्रेकरने गोटा फोडून खड्डा मोकळा करावा. कुंपणाच्या खड्ड्यासाठी सुरुंगाचा विचारही करू नये. त्याला परवाना लागतो, आणि दोन फुटांच्या खड्ड्यासाठी भोवतालची जमीन खिळखिळी होते ती वेगळीच.

ड्रिल चालविणाऱ्याच्या तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा आणि कानाला बंदोबस्त हवा. दगडाची धूळ फुफ्फुसात साचते, ती उतरत नाही. ड्रिलची नळी कपलिंगमधून सुटली तर चाबकासारखी फिरते, म्हणून प्रत्येक जोडाला साखळी किंवा तार बांधून ठेवावी.

इतर पर्याय

हातात धरण्याचे पेट्रोल गिरमिट : भांडवल थोडे लागते, खाचराच्या कोपऱ्यात, झाडीत, उतारावर नेता येते. पण मातीत गोटा लागला की यंत्र चालविणाऱ्याच्या हाताला हिसका बसतो आणि मनगट दुखावते. दोन माणसांनी धरण्याचे यंत्र अधिक सुरक्षित. ट्रॅक्टरच्या यंत्राला जोड म्हणून हे चांगले, त्याच्याऐवजी नव्हे.

जेसीबी : हायड्रॉलिक गिरमिट जोडलेला जेसीबी जमिनीवर वरून दाब देऊ शकतो, त्यामुळे कडक मुरमात तो सरस ठरतो. नुसत्या बकेटने मात्र कुंपणाचे खड्डे काढू नयेत. खड्डा तिप्पट होतो, काँक्रीट वाढते आणि भराव सैल राहतो.

पहार आणि टिकाव : वीस-पंचवीस खड्डे असतील, किंवा खड्डे विखुरलेले असतील, तर चार मजूरच स्वस्त पडतात. यंत्र नेण्या-आणण्याचा खर्च लहान कामावर बसवू नये.

जिवंत कुंपण : हेही लक्षात ठेवावे. करवंद, सागरगोटा, निवडुंग यांची कुंपणे या डोंगरांत पूर्वीपासून आहेत. ज्याची तारेची ऐपत नाही त्याला कोपरे आणि फाटक तेवढे पक्के करून देऊन मध्ये सागरगोटा लावण्याचा सल्ला द्यावा. असा सल्ला देणारा ठेकेदार लोकांच्या लक्षात राहतो.

हंगाम

जून ते ऑक्टोबर पश्चिमेच्या खोऱ्यांत पाऊस इतका की ट्रॅक्टर शेतात घालता येत नाही. भातकापणी झाली की नोव्हेंबर ते जानेवारी हा सर्वांत चांगला काळ. शेत मोकळे असते, जमिनीत ओल टिकून असते, गिरमिट लोण्यासारखे जाते. मार्चनंतर मुरूम आणि चिकण दोन्ही वाळून घट्ट होतात, पात्यांची झीज वाढते. म्हणून गिरमिटाची कामे आधी आणि कातळाची कामे उन्हाळ्यात, असे वेळापत्रक ठेवावे. मे अखेरीस आंबा-चिकूच्या लागवडीचे खड्डे मिळू शकतात. चिकणमातीत गिरमिटाने खड्ड्याची भिंत गुळगुळीत होते व मुळे बाहेर जात नाहीत. झाडाचा खड्डा असेल तर भिंत पहारीने खरवडून द्यावी.

धंद्याचा हिशेब

आकडे प्रत्येकाने आपल्या भागातील दर विचारून घालावेत. हिशेबाची रीत मात्र अशी. समजा, यंत्र आणि दोन गिरमिटे मिळून एक लाख रुपये पडले. समजा, खड्ड्यामागे ६० रुपये मिळतात. त्यातून डिझेल १५, चालक व मदतनीस २०, पाती-बोल्ट-तेल ५ असे ४० रुपये गेले. हातात २० राहिले. म्हणजे यंत्राची किंमत निघण्यास पाच हजार खड्डे पाडावे लागतील. ट्रॅक्टरचा हप्ता यात धरलेला नाही.

पाच हजार खड्डे म्हणजे किती काम? चौकोनी एक एकरचा परीघ सुमारे ८३५ फूट. दहा फुटांवर खांब धरला तर ८४ खांब. पण डोंगरी भागात जमिनी चौकोनी नसतात. दोन गुंठे रुंद आणि वीस गुंठे लांब अशी पट्टीही एक एकरच. तिचा परीघ १४५२ फूट आणि खांब १४५. म्हणून काम कधीही एकरावर ठरवू नये. ते खड्ड्यावर किंवा धावत्या फुटावर ठरवावे. सरासरी शंभर खांब धरले तरी पाच हजार खड्डे म्हणजे पन्नास कामे होतात. पहिल्या वर्षी इतकी कामे मिळतील काय, हे आपल्या गावच्या दहा कुंपणवाल्यांना, सिमेंट खांबांच्या कारखान्यांना आणि तार विक्रेत्यांना विचारून मगच ठरवावे.

दर ठरविताना मातीचा खड्डा आणि खडकाचा खड्डा असे दोन दर लिहून घ्यावेत. सगळ्यांना एकच दर लावणारा ठेकेदार दहांपैकी दोन खड्ड्यांत कातळ लागला की दिवसाची मिळकत गमावतो आणि मग काम अर्धवट टाकून जातो. कराराचा एक कागद, त्यावर खड्ड्यांची संख्या, खोली, दोन्ही दर, काँक्रीट कोणाचे आणि पैसे कधी, एवढे लिहिले की तंटा राहत नाही. भागीदारीत यंत्र घेणाऱ्यांनी तर हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवावे. कोणाचा ट्रॅक्टर, कोणाचे यंत्र, मोडतोड कोणाच्या अंगावर.

कॉम्प्रेसर विकत घेण्याची सुरुवातीस गरज नाही. विहिरीवर काम करणारे कॉम्प्रेसरवाले तालुक्यात असतात. त्यांच्याशी दर ठरवून खडकाची कामे एकत्र करून एकाच दिवशी उरकावीत.

अनुदान : केंद्राची कृषी यांत्रिकीकरण उपअभियान ही योजना २०१४-१५ पासून सुरू झाली. महाराष्ट्रात यंत्रांसाठीचे अर्ज महाडीबीटीवर करतात. कोणत्या वर्षी कोणत्या यंत्रास किती अनुदान हे तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारावे. दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवाव्यात : पूर्वसंमती मिळण्याआधी यंत्र विकत घेऊ नये, आणि मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी झालेलेच यंत्र घ्यावे. तसेच ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता आहे की भाड्याच्या कामालाही लागू आहे, हे पॉलिसीत वाचून घ्यावे.

हद्द आणि वाट

खांब रोवणारा हा नकळत दोन शेजाऱ्यांच्या भांडणात उभा राहत असतो. म्हणून गिऱ्हाइकाकडे भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीची 'क' प्रत आहे काय आणि हद्दीच्या खुणा जागेवर आहेत काय, हे पाहिल्याशिवाय पहिला खड्डा पाडू नये. हद्दीचे दगड हलविणे हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार दंडास पात्र असलेला प्रकार आहे. याच संहितेच्या कलम १४३ अन्वये शेजाऱ्याच्या शेतात जाण्यासाठी हद्दीवरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. वहिवाटीची वाट किंवा पाणंद कुंपणाने बंद केली की प्रकरण तहसीलमध्ये जाते, खांब काढावे लागतात आणि ठेकेदाराचे उरलेले पैसे बुडतात. वनखात्याची हद्द लागून असेल तर अधिक सावध राहावे.

खड्डा पाडण्यापूर्वी पाइपलाइन कोठून गेली हे मालकाला आणि जुन्या गड्याला, दोघांनाही विचारावे. रस्त्याकडेला केबलच्या खुणांचे दगड पाहावेत. वर विजेच्या तारा असतील तेथे गिरमिट उचलताना आणि खांब उभा करताना अंतर ठेवावे. आणि डुकरांसाठी कुंपणाच्या तारेत विजेची लाइन थेट सोडा, असे कोणी म्हणाले तर साफ नकार द्यावा. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसे मेली आहेत. झटका मशीन हे वेगळे साधन आहे. ते प्रमाणित कंपनीचे घ्यावे.

जिवाची काळजी

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. कपड्याचे टोक अडकले तर हात मागे घेण्यास वेळच मिळत नाही. लुंगी, धोतर, उपरणे, ओढणी, सैल बाह्या यांपैकी काहीही अंगावर ठेवून यंत्राजवळ जाऊ नये. यंत्र चालू असताना चालक सीटवर आणि बाकी सर्व दहा पावले दूर. माती हाताने किंवा पायाने सारू नये. अडकलेले गिरमिट सोडविताना पीटीओ आणि इंजिन दोन्ही बंद, किल्ली चालकाच्या खिशात. उतारावर ट्रॅक्टर आडवा लावू नये. गिरमिट वर उचललेले असताना ट्रॅक्टरचा तोल मागे जातो, तेव्हा चढावर पुढची चाके उचलली जाण्याचा धोका असतो. संध्याकाळी उघडे राहिलेले खड्डे फळी, दगड किंवा काट्यांनी झाकावेत. नऊ इंची खड्ड्यात गुराचा पाय गेला तर पाय मोडतो आणि लहान मुलालाही धोका असतो.

थोडक्यात

महामार्गाच्या पट्ट्यात आणि नदीकाठी काम करणार असाल तर ३५ ते ४५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर, ९ आणि १२ इंची गिरमिटांसह पोस्ट होल डिगर, आणि खिशात शिअर बोल्ट, एवढ्यावर धंदा सुरू करता येतो. खाचरांच्या भागात त्याला हाताच्या पेट्रोल गिरमिटाची जोड द्यावी. पश्चिमेच्या कातळी गावांत गिरमिट विकत न घेता कॉम्प्रेसरवाल्याशी हातमिळवणी करावी. आणि ज्याला अजून बाजाराची खात्री नाही त्याने पहिला हंगाम भाड्याच्या यंत्रावर काढावा. एका हंगामात किती खड्डे पडले, किती ठिकाणी खडक लागला, किती बोल्ट तुटले आणि हातात काय उरले, याची वही ठेवावी. पुढच्या वर्षी यंत्र घ्यावे की नाही, याचे उत्तर त्या वहीतच मिळेल.